लुई आर्मस्ट्राँगचं घर, कोरोना, क्वीन्स: ऐकून आलो

मी ३१ वर्षं पोलीस बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. सुरुवात बिगुलापासून झाली. आमचे बँडमास्तर गोव्याचे. नवीन पोरगं जरा सुरात यायला लागलं की ते त्याला खोलीवर बोलवायचे, कॅसेट लावायचे आणि म्हणायचे, “पहिले १२ सेकंद ऐक. मग तुझं काय ते सांग.” कॅसेटवर ‘वेस्ट एंड ब्लूज’ असायचं. वाजवणारा जॅझचा अमेरिकन ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, शिकागो, २८ जून १९२८. सुरुवातीला एकटं ट्रम्पेट, साथीला कोणी नाही. पहिले चार स्वर असे ठाम की कोणीतरी दारावर थाप मारतंय. मग एका दमात वर, आणि वरून खाली येताना घाई नाही, अडखळणं नाही. मला त्या रात्री बराकीत झोप लागली नाही. पुढे सहा महिने मी तेवढाच तुकडा घोटला. स्वर सगळे बसले. त्यातली चाल काही माझ्या हाती आली नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाजवणाऱ्या माणसाचं मत आहे. वास्तू, फर्निचर, संग्रहालयशास्त्र यातलं मला कळत नाही.

आमची मुलगी न्यू जर्सीत असते. मागच्या सप्टेंबरात मी आणि माझी बायको असे दोघं तिच्याकडे गेलो होतो. तिनं बघायच्या ठिकाणांची मोठी यादी केली होती. मी म्हटलं, “बाकी तू नेशील तिथं येतो, पण एक दिवस लुईच्या घरी जायचं.” तिला वाटलं न्यू ऑर्लिन्सला जायचं म्हणतोय. बऱ्याच जणांची हीच समजूत असते. माणूस जन्मला न्यू ऑर्लिन्सला, ४ ऑगस्ट १९०१ रोजी, पण आयुष्याची शेवटची २८ वर्षं त्याचं घर न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, कोरोना नावाच्या भागात होतं. भागाचं नाव जुनं आहे, आजाराशी त्याचा संबंध नाही. पत्ता ३४-५६, १०७वा रस्ता. आज तिथे लुई आर्मस्ट्राँग हाउस म्युझियम आहे.

मॅनहॅटनमधून ७ नंबरची मेट्रो धरायची, जांभळ्या गोलातली. क्वीन्समध्ये शिरल्यावर ती जमिनीखालून वर येते आणि रूझवेल्ट अॅव्हेन्यूच्या डोक्यावरून लोखंडी खांबांवर धडधडत जाते. १०३ स्ट्रीट–कोरोना प्लाझाला उतरायचं. खाली आलं की पाट्या स्पॅनिश, गाणी स्पॅनिश, हातगाड्यांवर केळीच्या किंवा मक्याच्या पानात बांधलेले वाफेवरचे तमाले. तिथून उत्तरेकडे दोन चौक, मग ३७व्या अॅव्हेन्यूवर उजवीकडे, आणि १०७व्या रस्त्याला डावीकडे वळलं की घर. रमतगमत दहा-बारा मिनिटं. घरात एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि सोबत गाइड असतो, म्हणून तिकिटं आधी ऑनलाइन काढून जा. वार आणि वेळाही त्यांच्या साइटवर बघूनच निघा.

घरासमोर उभे राहिलो आणि ही म्हणाली, “अहो, हेच का? नक्की?”

लाल विटांचं, दोन मजली, शेजारच्या घरांना खेटून उभं. वस्तीतल्या चार घरांत सहज मिसळून जाईल असं. गंमत म्हणजे खुद्द लुईला हाच प्रश्न पडला होता. त्यानं स्वतः ती हकिगत लिहून ठेवली आहे. १९४३ साली तो दौऱ्यावर असताना त्याच्या बायकोनं, ल्युसिलनं, हे घर घेतलं. घर निवडलं तिनं, व्यवहार केला तिनं, आणि त्याला फक्त पत्ता कळवला. दौरा संपवून पहाटे तो टॅक्सीतून आला. ड्रायव्हरनं गाडी थांबवून घर दाखवलं, तर हा म्हणे चेष्टा पुरे, मला माझ्या पत्त्यावर ने. शेवटी घंटी वाजवली तर दारात ल्युसिल, केसांना कर्लर लावलेली. आत जाऊन घर बघितलं आणि त्याला इतका आनंद झाला की त्यानं टॅक्सीवाल्यालाच जेवायला आत बोलावलं.

ल्युसिल न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये नाचायची, आणि लहानपणी याच कोरोनात वाढलेली. ती लुईची चौथी बायको. १९४२ साली त्यांचं लग्न झालं, आणि त्या पहिल्याच नाताळात ते दौऱ्यावर होते. तिनं हॉटेलच्या खोलीत एक छोटं नाताळचं झाड आणून दिवे लावले. लुई कार्यक्रमावरून आला आणि पलंगावर पडून त्या दिव्यांकडे लहान मुलासारखा बघत राहिला. चाळिशी ओलांडलेला, जगभर नाव झालेला माणूस, आणि त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं नाताळचं झाड होतं. पुढच्या गावी निघताना तो ते झाड सोडेना. सोबत घेऊन गेला. ही गोष्ट कळल्यावर मग तिनं नवऱ्याला न विचारता घर का घेतलं असेल, ते वेगळं सांगावं लागत नाही.

तर या घरात माझ्यापेक्षा आमच्या हिला जास्त कळलं. बैठकीची खोली, जेवणाची खोली बघून झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात गेलो आणि ही तिथे थांबली ती थांबलीच. सगळी कपाटं चकचकीत निळी, मोरपिसातल्या निळ्याकडे झुकणारी. खास त्यांच्यासाठी बनवून घेतलेली मोठी शेगडी, तिच्यावर दोघांच्या नावाची पट्टी. मिक्सर ओट्यातच बसवलेला. ही हळूच म्हणाली, “हे घर बाईनं केलंय. एकेक गोष्ट तिनं उभं राहून करून घेतलीय.” मला मोठी गोष्ट वाटते ती ही की संग्रहालयवाले हे लपवत नाहीत. दारावर नाव लुईचं, पण आत गाइड दर दोन वाक्यांनंतर ल्युसिलचं नाव घेतो. १९७१ साली लुई गेला, त्यानंतर ती याच घरात राहिली. घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा १९७६ मध्ये मिळाला तो तिच्या हयातीत. १९८३ मध्ये ती गेली आणि जाताना घर न्यूयॉर्क शहराच्या नावे करून गेली. त्यानंतर इथे कोणी राहिलेलं नाही. २००३ च्या ऑक्टोबरात ते लोकांसाठी उघडलं. तेव्हा देखभाल क्वीन्स कॉलेजकडे होती.

न्हाणीघराबद्दल एक ओळ, कारण सगळे त्याचेच फोटो टाकतात: चारी बाजूंनी आरसे, नळांना सोन्याचा मुलामा. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. ज्याचं बालपण न्यू ऑर्लिन्सच्या सगळ्यात गरीब वस्तीत गेलं, त्याला एक खोली अशी हवीशी वाटली तर वाटू दे.

आता खरं ते सांगतो. या घरात भिंतीतून आवाज येतो.

लुईला ध्वनिमुद्रणाचं वेड होतं. १९५० च्या अखेरीस त्यानं टेपरेकॉर्डर घेतला आणि मग वीस वर्षं तो टेप करत राहिला. रेकॉर्ड कंपनीसाठी नाही, स्वतःसाठी. मित्रांच्या गप्पा, जेवणं, विनोद, बायकोशी झालेली बोलाचाली, आवडीच्या रेकॉर्ड्स, आणि स्वतःचा सराव. मोठ्या चक्राच्या टेपा, त्या साडेसहाशेच्या घरात. प्रत्येकीच्या खोक्यावर त्यानं स्वतः मासिकांतून, वर्तमानपत्रांतून, फोटोंतून कात्रणं काढून चिकटवलेली. त्या टेपांतले तुकडे गाइड खोल्याखोल्यांतून ऐकवतो. जेवणाच्या खोलीत उभं राहावं आणि भिंतीतून काट्याचमच्यांचा आवाज, बोलणं, आणि त्यामागून ते खरखरीत, पोटातून येणारं हसणं. आमच्या गटात सात-आठ जण होते. त्या हसण्यावर सगळे हसले, कोणीच ठरवलेलं नव्हतं.

आणि मग ट्रम्पेट. कार्यक्रमातलं नव्हे, घरातलं. तोंड गरम करण्यासाठी वाजवलेलं.

हे ज्यांनी तोंडानं वाजवायचं वाद्य कधी धरलं नाही त्यांना समजावून सांगायला हवं. ट्रम्पेटला आवाज ओठ देतात. माउथपीसच्या पितळी वाटीत ओठ थरथरतात, नळी तो आवाज मोठा करते. तीन व्हॉल्व्ह फक्त नळीची लांबी बदलतात. म्हणजे सगळं काम ओठाच्या दोन मऊ कडांचं आणि पोटातल्या हवेचं. ते स्नायू चार दिवस न वापरता सोडले की सैल पडतात, आठवडा सोडला की आपल्याला कळतं, पंधरा दिवस सोडले की समोरच्याला कळतं. म्हणून रोज सकाळी लाँग टोन. एकच स्वर, दम संपेपर्यंत, डळमळू न देता. मग दुसरा. यात ऐकणाऱ्याला काही नाही. शेजारी वैतागतात. पण यातूनच सगळं येतं. आणि इथे, जगातला सगळ्यात मोठा ट्रम्पेटवाला, वर्षातल्या तीनशे रात्री वाजवून घरी आलेला, स्वतःच्या खोलीत बसून तोंड बसवतोय. मी भिंतीकडे बघत उभा होतो. गाइड पुढच्या खोलीत गेला, ही माझी बाही ओढत होती, तरी मी तिथेच.

बँडमास्तर म्हणायचे, मोठ्या वादकाची रेकॉर्ड ऐकून शिकता येत नाही, त्याचा सराव ऐकायला मिळाला पाहिजे. आमच्यापैकी कोणाला कधी तो मिळाला नाही. मला ६० ओलांडल्यावर मिळाला.

वरच्या मजल्यावर त्यांची झोपायची खोली आणि लुईची अभ्यासिका आहे. अभ्यासिकेत टेपरेकॉर्डर, टेबल, आणि भिंतीवर त्याचं एक चित्र. ते गायक टोनी बेनेट यांनी काढलेलं, खाली सही त्यांच्या मूळ आडनावाची, बेनेडेट्टो. घरातली ही एकच खोली मला पूर्ण लुईची वाटली. बाकी घर ल्युसिलचं, आणि तो त्यात सुखानं राहणारा. झोपायच्या खोलीत गाइड सांगतो की ६ जुलै १९७१ च्या पहाटे तो इथेच झोपेत गेला. त्या वर्षी मार्चमध्ये, डॉक्टर नको म्हणत असताना, त्यानं न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात दोन आठवडे कार्यक्रम केले होते. कोणाला तो हट्ट वाटेल. मला नाही वाटला. वाजवणाऱ्याला घरी बसवणं म्हणजे काय, ते निवृत्तीच्या दिवशी मला कळलंय.

रस्त्याच्या पलीकडे २०२३ च्या जुलैमध्ये लुई आर्मस्ट्राँग सेंटर उघडलं. नवी इमारत, दर्शनी बाजू वळणदार आणि पितळेच्या झाकेची. खाली पियानोवादक जेसन मोरान यांनी मांडलेलं प्रदर्शन, ७५ जणांचं छोटं सभागृह, आणि वर संग्रहाची जागा, सुमारे ६० हजार वस्तूंची. आधी घर बघा, मग इकडे या, असं माझं सांगणं. उलट केलंत तर माणसाच्या आधी त्याच्या वस्तू भेटतात. इथे ट्रम्पेटं आहेत, पत्रं आहेत, ती चिकटवलेली खोकी आहेत. मी खोक्यांसमोर बराच वेळ घालवला. कात्री आणि चिकटपट्टी घेऊन हॉटेलच्या खोलीत बसलेला हा माणूस डोळ्यासमोर आला. दक्षिणेत कित्येक हॉटेलांत काळ्या माणसाला खोलीच मिळत नव्हती, तो काळ. रात्री ज्या सभागृहात टाळ्या, त्याच गावात मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न.

त्याच्या लहानपणाची हकिगत वाचताना मी जरा अडखळलो, कारण त्यात आमचं खातं येतं. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर ११ वर्षांच्या लुईनं पिस्तूल हवेत झाडलं. पोलिसांनी धरलं. दुसऱ्या दिवशी त्याला काळ्या मुलांच्या सुधारगृहात पाठवलं, त्याचं नाव कलर्ड वेफ्स होम. तिथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक बँड शिकवायचे. त्यांनी या पोराला लगेच हात लावू दिला नाही. आधी डफली, मग दुसरं काही, मग बिगुल, आणि शेवटी कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड. पुढे तो त्या बँडचा म्होरक्या झाला. बँड त्याच्या जुन्या वस्तीतून वाजत गेला तेव्हा ओळखीच्या लोकांनी भरभरून पैसे टाकले, असं तो सांगायचा. बिगुलावरून वरच्या वाद्याकडे जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बिगुलाला व्हॉल्व्ह नसतो, जे काय करायचं ते ओठानं. त्याच्यावर जो तयार होतो त्याचा सूर पुढे हलत नाही. पण ११ वर्षांच्या मुलाला कोंडून ठेवणं बरोबर होतं, असं मी त्यामुळे म्हणणार नाही. डेव्हिस सर भेटले म्हणून निभावलं. प्रत्येक कोंडलेल्या पोराला ते भेटत नाहीत.

त्याच्याही आधी तो कर्नोफ्स्की कुटुंबाकडे काम करायचा. लिथुआनियाहून आलेली ज्यू मंडळी, भंगार आणि कोळशाचा धंदा. भंगाराच्या गाडीवर बसून हा पत्र्याची पिपाणी फुंकायचा, म्हणजे पोरं बाटल्या, चिंध्या घेऊन यायची. त्याचं पहिलं कॉर्नेट ५ डॉलरचं, गहाणवटीच्या दुकानातलं. त्यासाठी या कुटुंबानं त्याला उचल दिली. आयुष्यभर त्यानं गळ्यात ज्यू धर्माचा सहा टोकांचा तारा घातला, आणि १९६९ मध्ये इस्पितळात पडल्या पडल्या या कुटुंबाबद्दल पानंच्या पानं लिहून काढली.

मग १९२२ मध्ये शिकागो, न्यू ऑर्लिन्सहूनच आलेल्या किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवाल्याचा बँड. पुढच्या वर्षी त्यांनी इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, एकाच मोठ्या भोंग्यासमोर सगळे उभे राहायचे. लुईचा आवाज इतका की इतरांना झाकून टाकायचा. त्याला बाकीच्यांपासून लांब, कोपऱ्यात उभं करावं लागलं. बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या लिल हार्डिननं हे सांगितलंय. तिनंच पुढे त्याच्याशी लग्न केलं आणि त्याला ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर काढलं. जॅझ तोवर सगळ्यांनी मिळून वाजवायचा होता. १९२५ ते १९२८ च्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या स्वतःच्या बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये या माणसानं एकट्यानं पुढे येऊन, तिथल्या तिथे सुचेल ते मांडायची वाट मोठी केली. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला यातली मौज चटकन कळते. बंदिश तीच, पण गवई आज तिचं काय करतो त्यासाठी लोक येऊन बसलेले असतात.

‘वेस्ट एंड ब्लूज’च्या शेवटाकडे तो एक वरचा स्वर धरतो, चार-चार मात्रांची जवळजवळ चार आवर्तनं. ट्रम्पेटवरचा हाय सी. सहसा सगळे सुरुवातीबद्दल बोलतात, माझे बँडमास्तर धरून. मला वयानुसार हा स्वर जास्त मोठा वाटू लागलाय. तो नुसता लांब नाही. खाली पियानो हलतो, सगळं हलतं, आणि हा एक सूर तसाच, आणि मग जेव्हा सुटतो तेव्हा असा सुटतो की कोणी हातातून पाखरू सोडावं.

या वरच्या स्वरांची किंमत त्याच्या ओठांनी दिली. फोटो नीट बघा, वरच्या ओठावर वळ दिसतो. तो माउथपीस जोरात दाबून वाजवायचा. १९३० च्या दशकात लंडनमध्ये वाजवताना ओठ फुटला, आणि पुढे काही महिने त्याला वाजवणं बंद ठेवावं लागलं. जर्मनीतल्या मानहाइम शहरात एक ओठांचं मलम बनायचं, ते तो वर्षानुवर्षं वापरत राहिला. आमच्याकडे परेडच्या महिन्यात आम्ही ओठांना तूप लावायचो. २६ जानेवारीच्या आधी बँडमधल्या निम्म्यांचे ओठ सुजलेले असायचे. हातातला तो पांढरा रुमाल लोकांना नखरा वाटतो. घाम, थुंकी, रक्त, सगळं पुसायला तो रुमाल होता.

मला एका गोष्टीचा वर्षानुवर्षं राग आहे. या माणसाला हसरा विदूषक म्हणणारे खूप आहेत. मोठमोठे डोळे, सगळे दात दाखवत हसणं, गोऱ्यांना खूश करायची धडपड, असं त्याच्या हयातीत त्याच्याच समाजातल्या तरुण वादकांनी म्हटलं. सेंटरमध्ये गेलात तर १९५७ सालाची हकिगत शांतपणे वाचा. आर्कान्साच्या लिटल रॉक शहरात नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकू देत नव्हते, राज्यपालानंच सैनिक उभे केले होते. लुई तेव्हा नॉर्थ डकोटात दौऱ्यावर होता. एका तरुण वार्ताहरानं विचारलं आणि हा बोलला. सरकारला जहन्नममध्ये जा म्हणाला, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यात धमक नाही म्हणाला, आणि सरकारतर्फे सोव्हिएत रशियाला जायचा ठरलेला दौरा सोडला. ५६ वर्षांचा, कमाईच्या शिखरावर असलेला माणूस. कार्यक्रम रद्द होतील हे ठाऊक होतं, तरी त्यानं शब्द मागे घेतले नाहीत. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवायचं नाही असा तिथला कायदा, म्हणून १९५६ नंतर तो स्वतःच्या जन्मगावीही वाजवायला गेला नाही. कायदा बदलल्यावर, १९६५ मध्ये गेला. त्याच्या बँडमध्ये दोन्ही रंगांची माणसं होती आणि तो बँड तो मोडणार नव्हता.

आणि हसण्याचं म्हणाल, तर घरातल्या टेपवर कोण प्रेक्षक होते? तिथेही तो तसाच हसतो.

१९६४ च्या मे महिन्यात ‘हॅलो, डॉली!’ बीटल्सना बाजूला सारून अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लुई तेव्हा ६२ वर्षांचा. ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ त्यानं १९६७ मध्ये गायलं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, अमेरिकेत मात्र तेव्हा कोणी विचारलं नाही. त्यानं म्हटलं होतं की त्या गाण्यात त्याला कोरोनातली आपली गल्ली दिसते, तिथे त्यानं तीन पिढ्या मोठ्या होताना पाहिल्या. मी ते गाणं फार वेळा ऐकलंय, लग्नात, हॉटेलात, लिफ्टमध्ये. ऐकून ऐकून गुळगुळीत झालं होतं. त्या घराच्या पायऱ्यांवर, जिथे तो गल्लीतल्या पोरांना घेऊन बसायचा, तिथे आम्ही दोघं पाच मिनिटं टेकलो. समोरून शाळेतून दोन पोरं आली, आजी सोबत, स्पॅनिशमध्ये काहीतरी भांडण चाललेलं. ही म्हणाली, “गल्ली अजून चालू आहे की.”

ज्यांना जॅझचा सगळा इतिहास सनावळीनं हवा आहे, त्यांची भूक इथे भागणार नाही, घर तेवढं मोठं नाही. ज्यांना जॅझ अजिबात माहीत नाही त्यांनी मात्र बेधडक जावं. आमच्या हिला एक गाणं माहीत नव्हतं, आणि ती परत येताना मला ल्युसिलबद्दल नवीन नवीन प्रश्न विचारत होती. अर्ध्या दिवसाचा हिशोब ठेवा. आम्ही घर, सेंटर आणि मागची बाग मिळून तीन तास काढले, आणि मला आणखी तासभर हवा होता. जिना चढावा लागतो, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी फोन करून विचारा.

ज्यांना अमेरिकेला जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी: संग्रहालयानं आपला संग्रह डिजिटल करून लोकांसाठी मोफत खुला केलाय. फोटो, पत्रं, टेपांची खोकी, बराचसा आवाज. नातवाकडून उघडून घ्या, हेडफोन लावा. घाई करू नका.

आम्ही ऑक्टोबरात परत आलो. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून ट्रम्पेटची पेटी काढली. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती उघडली नव्हती. दुसरा व्हॉल्व्ह अडकून बसला होता. तेल घालून, फडक्यात गुंडाळून, हळूहळू सोडवला. मग खिडकीशी बसून लाँग टोन सुरू केले. मधला सा धरला, डळमळला. परत धरला. आठ मिनिटांत ओठ गेले. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “ते कॅसेटवालं वाजवा ना.” मी म्हटलं, “अगं, अजून महिना जाईल.” आता तिसरा महिना चालू आहे.